घुमणारा डबा

हातात घेतली तर साबणाच्या वडीएवढी, आणि वजन म्हणाल तर तीच वडी झिजून संपत आल्यावरचं — एवढ्याशा डबीवर आता रेडिओ चालणार म्हणे, आणि ही अक्कल कुणाची, तर पोटच्या पोराची, ज्यानं विचारलंसुद्धा नाही. ती अंघोळीला गेली तेवढ्यात उरकलंही त्यानं. विचारायचं कशाला, आई काय, अडाणीच... इतकी वर्षं रेडिओला वीज पुरवणारा जुना लोखंडी डबा दाराशी, त्याच्या पिशवीजवळ ठेवला होता, जाताना भंगारात द्यायला.

"जुन्यात उरलेली वीज नुसती तापून वाया जायची, आई," स्क्रूड्रायव्हर पुसत तो म्हणाला. "हा सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, लागेल तेवढीच घेतो. दूरच्या स्टेशनला जरा खरखर येईल, पण घुमणार नाही."

"हं. शहाणा."

तापायचा, हे काय तिला ठाऊक नव्हतं? थंडीच्या सकाळी त्याच डब्यावर तळहात टेकून ती बसायची — आणि तो घुमायचा, बातम्या संपल्या, आवाज पार बारीक केला तरी घुमायचा, पलीकडच्या खोलीत कुणीतरी तोंड मिटून गाणं म्हणत कामाला लागलंय असा... भाजी चिरता चिरता ती कधी त्याला ओ देऊन बसायची, आणि मग स्वतःवरच खेकसायची.

आता रेडिओवरची बाई श्वास घ्यायला थांबली की मध्ये काहीच नव्हतं.

पण बदलायची बुद्धी याला झाली कुठून? — आणि तिला आठवलं. फोनवर तीच तर म्हणायची, दर वेळी, मेला घुमून घुमून डोकं उठवतो. ती काय तक्रार होती? दुसरं सांगणार तरी काय होती ती, दिवसभर कुणाशी बोलले नाही हे? हे होते तोवर ह्यांना बरोबर कळायचं — हिनं नावं ठेवली म्हणजे हिचं ठीक चाललंय. पोरानं शब्द तेवढा धरला, आणि रजा टाकून, एवढ्या लांबून, आईचा त्रास काढायला आला...

त्यानं पिशवी खांद्याला लावली, डबा उचलायला वाकला. राग शोधायला गेली तर तिला तो जागेवर सापडेना.

"ठेव तो खाली," ती म्हणाली. "तुझा नवा गुणाचाच असेल, गप्प राहतो. पण बाळा, या घरात गप्प राहायला मी एकटी पुरे आहे."