छत्तीस अंश

"आधी अंग छत्तीस अंशांवर यायला हवं," डॉक्टर म्हणाले. "गारठलेला मेंदू नुसता गप्पही असू शकतो. अंग तापलं की बुबुळांवर उजेड टाकू, कानात गार पाणी सोडू, शेवटी मशीन काढून स्वतः श्वास घेतात का ते बघू. तोवर मेंदू मेलाय असं मी म्हणणार नाही, ताई."

म्हणजे माझा नवरा गार आहे तोवर मेलेला नाही. माझ्या डोक्यात एवढंच शिरलं.

तो शिडीवरून पडला त्याला दोन दिवस झाले होते. नर्सने त्याच्यावर गरम हवेचं पांघरूण घातलं आणि पडद्यावरचा आकडा चढू लागला. चौतीस. साडेचौतीस. नर्स बाहेर वळली तशी मी पांघरूण ओढून पार पायांखाली ढकललं. कुणी हटकलं असतं तर फाडून खाल्लं असतं मी त्याला.

आकडा थांबला. वीस वर्षं पांघरुणावरून भांडलो आम्ही. रोज तोच ओढून न्यायचा, मेला! मी जीभ चावली.

तेवढ्यात त्याच्या पावलाला माझा हात लागला. बर्फ नुसता. घरी असे गारठलेले पाय तो माझ्या पोटरीला लावायचा आणि मी किंचाळायचे. मी ते दोन्ही हातांनी चोळत बसले, पण ऊब येईना.

किती थंडी वाजत असेल त्याला.

पांघरूण मीच गळ्यापर्यंत ओढलं, कडा नीट खोचल्या. आकडा पुन्हा चढू लागला.