लोकरीचा कावळा

कावळा थोरलीने शिवला होता. पन्नाशीला टेकलेली शिंपीण ती. जन्मभर लोकांच्या कमरा मापल्या आणि आता धाकट्या बहिणीच्या संशोधनापायी काळ्या लोकरीचा कावळा. धाकटीचं म्हणणं असं, की ज्या नर पक्ष्याकडे जास्त तऱ्हेची गाणी, तो घरट्यासाठी जास्त भांडतो. म्हणून घरट्याजवळ नकली कावळा बांधायचा, पाच मिनिटं झुडपाआड बसायचं आणि नर किती जवळ येतो ते लिहायचं. मध्ये हलायचं नाही. हललं की नोंद बाद.

आजचं घरटं मोसमातलं शेवटचं. आत चार पिल्लं, आणि बाप म्हणजे 'गवई'. एकट्याची एकवीस गाणी! बाकीचे नर चार-पाच गाण्यांत संसार उरकतात. आधीच्या आकड्यांतून धड काही निघत नव्हतं, त्यामुळे धाकटीची सगळी भिस्त याच्यावर होती.

गवई आला तो थेट कावळ्याच्या मानगुटीवर. थोरलीला उगाच पोराने बक्षीस मिळवल्यासारखं वाटलं. पण मग तो उडेना. फडफडला, लोंबकळला, पुन्हा फडफडला. नख लोकरीत अडकलं होतं. पिसं खरी वाटावीत म्हणून लोकरीचे वेढे तिनेच सैल सोडले होते.

धाकटीने तिचं मनगट घट्ट धरलं. दोनच मिनिटं राहिलीत, सुटेल आपला आपण, असं कुजबुजली.

मादी फांदीवर चोचीत अळी धरून बसलेली, ना पुढे ना मागे. आणि पलीकडच्या भिंतीवर खरा कावळा मान तिरकी करून बघत होता.

"सोड," थोरली म्हणाली. "तुझ्या दोन मिनिटांत तो त्याला फाडेल."

"ताई, वर्ष जाईल माझं."

"जाईल. घरी गेल्यावर भांड."

हात सोडवून ती उठली. मुठीत त्या एवढ्याशा जिवाची धडधड मोजता येईना. कात्रीने एक वेढा कापला, दुसरा कापला. गवई तिच्या बोटाला कडकडून चावला आणि दिसेनासा झाला. तिने नकली कावळा काढला आणि दोघी लांब जाऊन बसल्या.

आता तो परत येतो की घाबरून घरटंच सोडतो? सात मिनिटं झाली. दहा झाली. मादी जागची हलली नव्हती. खरा कावळा भिंतीवरून कुंपणावर आला, तिथून घरट्याच्या फांदीवर.

तेव्हा गवई आला. एकही गाणं न म्हणता आला आणि कावळ्याच्या डोक्यावर असा तुटून पडला, की तो छपरापार जाईपर्यंत थांबला नाही. मादी घरट्यात शिरली.

"हे कुठे लिहू मी?" धाकटीचा आवाज चिरकला होता.

"कुठेही लिही. पण लिही."

धाकटीने बाद नोंदींचं पान उघडलं आणि नेहमीपेक्षा बारीक अक्षरात, सावकाश लिहायला लागली.