कोवळ्या शेंड्याची मखमल

"अण्णा, दोन्ही सारखीच दिसतात हो!" सून अगदी रडकुंडीला आली होती.

टेबलावर दोन डहाळ्या पडल्या होत्या, एक गुलमोहराची, एक पीतमोहराची. पानं दोन्हींची पिसासारखी, बारीक बारीक. फुलं असती तर लाल कुठला नि पिवळा कुठला हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. पण बहर संपून महिने झाले होते आणि परीक्षा सोमवारी होती. नगरपालिकेला झाडं ओळखून मोजायला माणसं हवी होती.

नवरा अपघातात जाऊन दोन वर्षं झाली होती. माहेरून भावाचा सारखा फोन यायचा, "नोकरी नाही लागली तर इकडे ये. तिथं आता तुझं कोण आहे?" पलीकडच्या खोलीत सासऱ्यांना सगळं ऐकू जायचं. अण्णा चाळीस वर्षं शिंपीकाम केलेले. काचबिंदूनं नजर गेली, मुलगा गेला, तेव्हापासून ते खुर्चीतून फारसे उठतच नसत.

"आण इकडे," ते म्हणाले. बोटांनी त्यांनी दोन्ही डहाळ्या चाचपल्या. "डोळे मीट बघू. ह्या शेंड्याला हात लाव. कसा लागतो?"

"गुळगुळीत."

"आणि हा?"

"मऊ... जरा खरबरीत."

"मखमल आहे. वापरून जुनी झालेली, पण मखमलच."

तिनं डोळे उघडले. पीतमोहराच्या कोवळ्या शेंड्यावर गंजाच्या रंगाची बारीक लव होती. आठवडाभर पुस्तकात डोकं घालूनही तिला ती दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अण्णांनीच चपला मागितल्या. "खोडं काय घरात बसून शिकवू?"

तिचा दंड धरून ते रस्त्यानं निघाले. बुचाच्या खोडावर बोट दाबलं की जरा आत जातं, निलगिरीची साल पापुद्र्यांनी सुटते, कडुनिंबाच्या पानाला करवतीसारखे दाते असतात. ती पुस्तकातलं वाचून दाखवायची, अण्णा हात लावून "बरोबर" किंवा "पुन्हा बघ" म्हणायचे. शाळेच्या फाटकावरच्या वॉचमननं हटकलंच, "बाबा, झाडाचं माप घेताय का?"

"हो ना. कोट शिवायचाय त्याला," अण्णा म्हणाले. ती तोंडाला पदर लावून हसली.

सोमवारी बागेत चाळीस झाडं झाली. एकेचाळिसाव्यापाशी परीक्षा घेणाऱ्या बाई थांबल्या. झाडावर ना फूल, ना शेंग. आजूबाजूच्यांनी भराभर गुलमोहर लिहून टाकलं. तिनं विचारलं, "फांदी वाकवली तर चालेल का?" बाईंनी होकारार्थी मान डोलावली. तिनं डोळे मिटून शेंडा चाचपला, आणि कागदावर शांतपणे पीतमोहर लिहिलं.

निकाल तासाभरात तिथंच लागला. अण्णा फाटकाजवळच्या बाकावर बसले होते. तिची पावलं त्यांनी ओळखली.

"लागली?"

"लागली. एक तारखेपासून."

"भावाला कळव," ते म्हणाले. " तो वाट बघत असेल."

"कळवलंय. इथंच राहतेय म्हणून."

"इतक्यात कधी?"

"गेल्या आठवड्यात."

"अगं, पण तेव्हा परीक्षा कुठं झाली होती!"

"नव्हती झाली," ती म्हणाली, आणि त्यांचा हात आपल्या दंडावर ठेवून चालू लागली.

वळणावर अण्णा थबकले. "त्याला झाडांतलं काही कळायचं का गं?"

नवऱ्याबद्दल विचारताहेत हे तिला लगेच कळलं. "काही नाही. दिसेल त्या झाडाला वड म्हणायचा. एकदा तर नारळाला म्हणाला होता."

"नारळाला?" अण्णा आधी गालात हसले, मग खो खो हसले. तीही हसायला लागली. रस्त्यानं जाणारी दोन माणसं वळून बघत गेली. हसता हसता तिचे डोळे कधी वाहायला लागले, तिला कळलं नाही.

अण्णांनी चष्मा काढला. त्यातून त्यांना आता काहीच दिसत नसे. तरी सदऱ्याच्या टोकानं त्यांनी दोन्ही काचा नीट पुसल्या, तो पुन्हा नाकावर चढवला, आणि तिचा दंड धरला.