राजानंदची खुर्ची

भोकरदनजवळच्या एका बियाणे कारखान्यात फाटकापाशी लाल प्लास्टिकची खुर्ची होती. तिच्यावर राजानंद बसायचा. धावड्याहून सकाळच्या एसटीने यायचा, मांडीवर डबा घेऊन दिवस काढायचा, संध्याकाळी परत जायचा. अठ्ठावीस वर्षांचा चांगला गडी, पण त्याची समज जन्मापासून हळू होती. विसाच्या पुढचे आकडे त्याला जमत नसत. मॅनेजर कल्याणने त्याला पॅकिंगला लावून पाहिलं, तेव्हा पाकिटांचा घोळ झाला. मग कल्याणने सांगून टाकलं, की तू फक्त बस, पगार बराबर मिळेल. दिव्यांग दिनाला हार घालून त्याचा फोटोही काढला. त्यानंतर आठवडाभर साहेबांची छाती फुगलेली होती.

चार महिन्यांनी बाहेरगावचे पाहुणे कारखाना बघायला आले. कल्याणने त्यांना कौतुकाने राजानंदपाशी नेलं. एका बाईंनी विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

राजानंद उभा राहिला.

"मी बसतो," तो म्हणाला. "फोटो काढायचा असला की उठतो."

कल्याणचे कान तापले. इतके दिवस हे उत्तर तयारच होतं, फक्त विचारायला कोणी गेलं नव्हतं.

लाज वाटली की माणूस ती दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायला बघतो. कल्याणनेही तेच केलं. पाहुणे जाताच त्याने तुळजाबाईला बोलावलं. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडून त्यांतले किती उगवतात ते बघायचं, त्या उगवण तपासणीच्या टेबलावरची ती सगळ्यात जुनी बाई. राजानंदला उद्यापासून घरीच राहायला सांगा, असं त्याने तिला फर्मावलं. तुळजाबाईने ते ऐकून घेतलं आणि त्याला खुर्चीमागच्या कट्ट्याकडे नेलं.

कट्ट्यावर सोयाबीनचे दाणे मांडलेले होते. फाटकात सांडलेलेच ते, राजानंदने वेचून ठेवलेले. सरळ ओळी, सारखं अंतर, दाण्याला दाणा कुठेही लागलेला नाही.

"हे रोज करून राह्यला तो," तुळजाबाई म्हणाली. "आन आमच्या टेबलावर काय व्हतं? घाईत ओल्या कागदावर दाणे एकमेकाला चिकटतात, बुरशी धरती, मंग तपासणी पुन्हा पहिल्यापासून."

"पण मावशी, त्याला शंभर दाणे मोजता येत नाहीत."

"मोजून मी देते. मांडील तो. मोजणं आन मांडणं एकाच माणसानं करायचं, हे कोणी ठरवलं साहेब?"

कोणी ठरवलं! कल्याणनेच. कामांची यादी त्याने केली होती आणि त्या यादीत न बसणाऱ्या माणसाला खुर्चीत बसवलं होतं. तो राजानंदसमोर गेला. माझं चुकलं, म्हणाला. तुला काय करायला आवडेल, असं त्याने पहिल्यांदाच विचारलं. राजानंदने कट्ट्याकडे बोट दाखवलं आणि मग सवयीने म्हणाला, "आता बसू का?"

कल्याणला मान वर करवेना.

"न्हाई," तुळजाबाईच म्हणाली, "चल आत."

महिन्याभराने त्या बाई पुन्हा आल्या. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. राजानंदने कागदावरून नजर काढली नाही.

"थांबा जरा. दाणे मांडून राह्यलो."

बाई थांबल्या. शेजारी कल्याणही हात बांधून थांबला.

मंडळी, माणसाला नुसतं बसवून पगार देणं ही मदत नव्हे, तो गोड बोलून केलेला अपमान आहे. काम ठरलेलं असतं, हे खरं. पण ते आपणच ठरवलेलं असतं, आणि आपल्याला ते माणसाच्या मापाने पुन्हा ठरवता येतं. आपल्या दुकानात, कचेरीत अशी एखादी लाल खुर्ची असेल, तर तिच्यावरच्या माणसाला आजच विचारा, तुला काय येतं? उत्तर त्याच्याजवळ कधीचं तयार असेल.