लिटरला चाळीस

मित्रांनो, मला बाजारात येऊन चारच वर्षे झाली आहेत. पण यंत्राचे वय झिजेवरून ठरते, आणि तसे पाहिले तर मी म्हातारी आहे. मी पेट्रोलवर चालणारी, लाकूड कापायची साखळी-करवत. तुम्ही मला चेनसॉ म्हणता. माझ्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर चार उभे ओरखडे आहेत. बाहेरून ते दिसत नाहीत. ते कसे पडले आणि त्यांच्यापायी हडपसरच्या एका बाईंचे दुकान कसे पणाला लागले, ते मला सांगायचे आहे.

कारखान्यात माझी तीनदा तपासणी झाली. पाते, साखळी, ब्रेक, टाकी, सगळे जागच्या जागी आहे असा शिक्का बसला आणि मी खोक्यातून ऋतिकाताईंच्या दुकानात आले. त्यांच्या वडिलांचे ते स्कूटर दुरुस्तीचे दुकान. स्कूटरी रस्त्यावरून गेल्या, पुढे वडीलही गेले, आणि ताईंनी शेतीची व बागेची लहान यंत्रे विकायला सुरुवात केली. आमच्या कंपनीची एजन्सी त्यांना एका वर्षाच्या बोलीवर मिळाली होती. एका ग्राहकाची तक्रार आधीच झालेली होती. दुसरी सिद्ध झाली तर एजन्सी काढून घेऊ, असे पत्र काउंटरच्या काचेखाली होते. काच पुसताना ताईंचा हात त्या पत्रावर आला की मंद होई.

त्याच दिवसांत हिंमतराव वही घेऊन दुकानात येऊ लागले. ते बिबवेवाडीला बैठ्या घरात राहतात. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन त्यांनी एका कारखान्याच्या टूलरूममध्ये तेहेतीस वर्षे काढली. त्यांच्याकडे अंघोळीचे पाणी अजून तांब्याच्या बंबात तापते, कारण त्यांच्या पत्नी दुर्गाबाई यांच्या मते गिझरच्या पाण्याने अंग नुसते ओले होते. आदल्या वर्षीच्या वादळात त्यांच्या अंगणातल्या दोन सुबाभळी आडव्या झाल्या. वर्षभराचे जळण दारात पडले होते. पण कुऱ्हाड चालवून हिंमतरावांचा खांदा धरला आणि डॉक्टरांनी कुऱ्हाड बंद करायला सांगितली.

जाहिरातींवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी वहीत तक्ता आखला होता: सात कंपन्या, अकरा रकाने. इंजिनाची ताकद त्यात अगदी शेवटी होती. पहिला रकाना होता, सुटा भाग किती दिवसांत मिळतो. दुरुस्ती करणाऱ्या तिघांकडे जाऊन, कोणत्या कंपनीचे यंत्र दारात सर्वांत कमी येते, हेही ते विचारून आले होते. दुकानात त्यांनी मला काट्यावर ठेवले. पुढचा दांडा ढकलून साखळी जागच्या जागी अडते का, ते दहा वेळा पाहिले. साखळीचा एकेक दात भिंगातून तपासला.

चौथ्या खेपेला ताई म्हणाल्या, "काका, पाचव्यांदा आलात तर चहा तुमच्याकडून."

"चहाचं नंतर बघू. आधी या मॉडेलच्या सुट्या भागांचा ड्रॉवर उघडा."

ताईंनी ड्रॉवर उघडला. पिस्टनपासून लहानातल्या लहान स्प्रिंगपर्यंत प्रत्येक वस्तू नाव लिहिलेल्या डबीत होती. हिंमतरावांनी बराच वेळ पाहिले आणि "घेतो" म्हणाले. खरे सांगायचे तर त्यांनी माझ्यापेक्षा तो ड्रॉवरच पसंत केला.

ताईंनी मला सुरू करून दाखवले, बंद करून दाखवले, आणि पेट्रोलमध्ये लिटरला चाळीस मिलिलिटर टू-टी ऑइल मिसळायचे, असे दोनदा सांगितले. तसे लिहिलेला कागदही त्यांनी माझ्या टाकीवर चिकटवला. हिंमतरावांनी मान डोलावली. माहितीपुस्तक त्यांनी घरी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, पेन्सिलने खुणा करून.

आणि तरीही ते झाले.

मित्रांनो, सत्तावीस वर्षे हिंमतराव स्कूटरवरून कारखान्यात गेले होते. जुन्या स्कूटरच्या पेट्रोलमध्येही ऑइल मिसळावे लागे, आणि त्यांच्या स्कूटरला लागे लिटरला वीस. त्यासाठी त्यांच्याकडे एक प्लास्टिकचे माप होते. विसाच्या जागी त्यांनी स्वतः ब्लेडने रेघ कोरलेली होती. पहिल्या रविवारी सकाळी तेच माप त्यांनी फळीवरून काढले, तोंडाने दुर्गाबाईंना माझ्या ब्रेकचे गुण सांगत सांगत रेघेपर्यंत ऑइल भरले आणि कॅनमध्ये ओतले. मग वहीत लिहिले: पेट्रोल एक लिटर, ऑइल वीस. डोक्याला चाळीस ठाऊक होते, हाताला वीस, आणि वहीत हाताने केलेले उतरले.

मला मात्र पहिल्या घोटालाच कळले. आतून कोरडे कोरडे वाटत होते. पण मला आवाज एकच आहे, आणि तो काम करतानाचा.

मी ओंडके कापू लागले. हिंमतराव चाचणी घेतल्यासारखे माझ्याकडे बघत होते. "धूर किती कमी आहे बघ," ते दुर्गाबाईंना म्हणाले. "याला म्हणतात कंपनी."

धूर कमी होता तो ऑइल कमी म्हणून. त्या कौतुकाने मला धास्तीच बसली. दुसऱ्या रविवारी तीच रेघ. तिसऱ्या रविवारी तीच. मॉर्निंग वॉकचे त्यांचे दोन मित्र मला पाहून गेले आणि हिंमतरावांनी पारखलेली वस्तू म्हणून दोघांनीही माझ्यासारखीच एकेक करवत आणली. दर वेळी कॅनचे झाकण उघडले की मी धडधडत असे, आणि ती धडधड इंजिनाची आहे असे सर्वांना वाटे.

आठव्या रविवारी, निम्म्या ओंडक्यात, माझा पिस्टन सिलिंडरला चिकटला. मी एकदम थांबले. हिंमतरावांनी दोर ओढला, तो हलेना.

ते फार दुखावले. मित्रांना तोंड कसे दाखवू, ही त्यांची पहिली चिंता. संध्याकाळी त्यांनी कंपनीला दोन पानी पत्र लिहिले आणि दुर्गाबाईंना वाचून दाखवले. भाषा सभ्य होती आणि म्हणूनच भयंकर होती. वापरणाऱ्याने सर्व नियम पाळले आहेत, नोंदी उपलब्ध आहेत, तेव्हा विक्रेत्याने यंत्र सुपूर्द करताना जुळणी नीट केली नसावी, असे त्यात होते. मी ओसरीवर पडून ऐकत होते. माझ्यात काय ओतले गेले हे जगात मला एकटीला माहीत होते, आणि मला सांगता येत नव्हते.

पुढच्या शनिवारी सकाळी मला ऋतिकाताईंच्या टेबलावर ठेवले गेले. कंपनीचा इंजिनिअर दिग्विजय तपासणीला आला होता. हिंमतराव वही घेऊन आले होते. दुर्गाबाई हडपसरच्या बाजारातून भाजी घ्यायची म्हणून बरोबर आल्या होत्या आणि स्टुलावर पिशवी घेऊन बसल्या होत्या. ताई हातातला कोरडा, स्वच्छ पाना फडक्याने पुसत होत्या.

दिग्विजयने सायलेन्सर काढला आणि टॉर्च मारला. "स्कोअरिंग आहे, ओरखडे पडलेत. पिस्टनवर आणि सिलिंडरवर पण," तो म्हणाला. "कारणं दोनच. एक तर ऑइल कमी पडलं, नाहीतर कुठून तरी जास्तीची हवा आत गेली, म्हणजे हँडओव्हरच्या वेळी सेटिंग चुकलं."

"मी सेटिंग तपासून दिलं होतं," ताई म्हणाल्या.

"मॅडम, तसं सगळेच म्हणतात. सर, तुमचं लॉग आहे ना? ऑइलचं प्रमाण वाचून दाखवा, म्हणजे मला फॉर्म भरता येईल."

हिंमतरावांनी मोठ्या ऐटीत वही उघडली. तारीख वाचली, वेळ वाचली, पेट्रोल एक लिटर वाचले. पुढे त्यांचा आवाज आलाच नाही. त्यांनी पान उलटले. पुढचे उलटले. वही त्यांच्याच हातात होती, दुसऱ्या कोणाला अक्षर दिसत नव्हते.

"ऑइल बरोबर, असं लिहू?" दिग्विजयने पेन टेकवले.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या टाकीत थेंबभर पेट्रोल नव्हते, तरी मी पेटून उठेन असे वाटले. हिंमतरावांनी नुसती मान डोलावली असती तर त्यांची अब्रू राहिली असती आणि ताईंची एजन्सी गेली असती. ते दोन्ही त्यांना त्याच वेळी कळले, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले.

"अहो, वाचा की," दुर्गाबाई म्हणाल्या. "का चष्मा विसरलात?"

"चष्मा डोळ्यांवर आहे." हिंमतरावांनी वही टेबलावर, माझ्याशेजारी उघडी ठेवली. "वीस. लिटरला वीस घातलंय मी. आठही वेळा."

मग दिग्विजय खालच्या आवाजात म्हणाला की सर सीनियर आहेत, कारण निश्चित सांगता येत नाही असे लिहून मधला मार्ग काढता येईल.

"मधला मार्ग काढलात तर तो यांच्या अंगावरून जाईल," हिंमतराव म्हणाले. "चूक वापरणाऱ्याची, असं लिहा. सही मी करतो." मग ताईंकडे वळून ते म्हणाले, "ऋतिकाताई, तुम्ही कागद चिकटवला होता. मी तो वाचला होता. आणि तरी तुमच्यावर पत्र लिहिलं. दुसरं पत्र आज घरी गेल्या गेल्या लिहितो."

ताईंनी पाना खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते, पण बोलल्या त्या पुणेरीच. "लिहा काका. पण पहिल्याएवढं सुंदर लिहा."

तक्रार सिद्ध झाली नाही आणि ताईंची एजन्सी राहिली. त्या दिवशी ताईंनी ड्रॉवरमधून नवा पिस्टन काढून मला बसवला. सिलिंडरवरचे ओरखडे घासून कमी झाले, गेले नाहीत. माझी पहिली ताकद परत आली नाही. जाडजूड ओंडका आला की मी दमते आणि हिंमतराव मला मधेच विसावा देतात. दोन्ही मित्रांच्या घरी जाऊन त्यांनी स्वतःची चूक सांगितली. त्यांतला एक जण स्कूटरच्याच सवयीने वीस घालत होता, त्याची करवत वेळेवर वाचली. कोणती कंपनी विश्वासाची, असे आता कोणी विचारले की ते नाव सांगतात, पण त्याआधी विचारणाऱ्याला त्याच्या हाताच्या सवयी विचारतात. लोकांना त्याचा थोडा कंटाळा येतो.

मित्रांनो, माझी धास्ती अजून पुरती गेलेली नाही. कॅन उघडला की मी आजही आतून आखडते. म्हणून एक विनंती करते. तुमच्या घरातले एखादे यंत्र बंद पडले, तर ते बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला नावे ठेवण्याआधी, आपण त्याला काय दिले ते एकदा शांतपणे आठवा आणि आठवेल ते खरे सांगा. आम्हांला बोलता येत नाही. आमच्या वतीने तुम्हीच बोलता, आणि तुम्ही काय बोलता त्यावर कोणाचे तरी दुकान उभे असते.