आडरस्त्यानं पालीला

मी दिंद्रुडची काळी-पिवळी बोलतेय. हो, स्टँडवर चहाच्या हॉटेलासमोर उभी असते तीच जीप. ऐकायचं असेल तर आधी दार नीट लावून घ्या. मागचं दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. आणि एक आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरही बसलेला नाही. तरी बोलतेय ते एवढ्यासाठी, की मागच्या महिन्यात माझा एक संशय अगदी खरा निघाला, आणि तरीही मी चुकले.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. कळायला लागलं ते नांदूरघाटला, बजरंगच्या अंगणात. त्याच्या आईनं, भामाबाईनं, माझ्या बॉनेटवर कुंकवानं स्वस्तिक काढलं आणि चारी चाकांखाली लिंबं ठेवली. तीन वर्षं मी तिथं सुखानं नांदले. मग एका सकाळी बजरंगनं मला चकाचक धुतलं, झेंडूची माळ घातली आणि कधी न पाहिलेल्या रस्त्यानं काढलं. मला वाटलं, कुठल्या तरी जत्रेला निघालो. हरखूनच गेले होते मी. संध्याकाळी दिंद्रुडला रामहरीच्या हातात किल्ली देऊन बजरंग एसटीनं परत गेला. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही त्यानं. मला आरशातून सगळं दिसत होतं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. धुणं, माळ आणि अनोळखी रस्ता, ही तीन लक्षणं एकत्र दिसली की समजायचं, आपल्याला विकायला काढलंय.

रामहरीनं मला काळा-पिवळा रंग दिला आणि दिंद्रुड-माजलगाव रस्त्याला लावलं. त्याला आता अकरा वर्षं झाली. सीट भरल्याशिवाय हलायचं नाही, दारात उभं राहून "माजलगाव, माजलगाव, चला माजलगाव" ओरडायचं, आणि भरली की निघायचं. कापसाच्या जिनिंगसमोर थांबा, कॅनॉलच्या वळणावर थांबा, बाभळीपाशी थांबा. तिसऱ्या गिअरच्या पुढं जायची वेळच यायची नाही. पाचवा गिअर आपल्याला आहे हे रामहरी विसरून गेला होता, आणि खरं सांगते, मीही विसरले होते.

मला तेच बरं वाटायचं. प्रत्येक खड्डा ओळखीचा. कोणत्या वस्तीवरचं कुत्रं अंगावर येतं आणि कोणतं नुसतं भुंकतं, तेही ठाऊक. ओळखीच्या रस्त्यावर कुणी कुणाला विकत नाही.

बाभळीपाशी रोज सकाळी भिवराबाई चढायची. मेथी आणि शेपूच्या जुड्या घेऊन माजलगावच्या बाजाराला जायची ती. पुढची, ड्रायव्हरशेजारची जागा तिचीच. तिथं दुसरं कुणी बसलं असेल तर ती बोलायची नाही, भाजीचं ओलं गाठोडं सरळ त्याच्या मांडीवर ठेवायची. माणूस आपोआप उठायचा.

पण गेल्या पावसाळ्यानंतर त्या रस्त्याचं काम निघालं. एका ठिकाणी मोरीसाठी आडवा चर खणला, अलीकडे दगड मांडले, काठीला लाल फडकं बांधलं आणि बाजूनं कच्चा रस्ता काढून दिला. आदल्या संध्याकाळपर्यंत त्यातलं काहीच नव्हतं. सकाळी आम्ही अकरा माणसं घेऊन निघालो. फडकं मला दिसलं, दगडही दिसले. रामहरीचे हात मात्र रोजच्यासारखे सरळ. दगड उडाले आणि माझं पुढचं डावं चाक चरावर लोंबकळत राहिलं. आणखी हातभर पुढं गेलो असतो तर आज तुमच्याशी बोलायला मी नसते. अकराजणांचं काय झालं असतं ते बोलवत नाही.

कुणाला फार लागलं नाही. भिवराबाईचं कोपर फुटलं आणि मेथी चिखलात गेली. बाकीचे रामहरीला शिव्या देत होते. पदरानं कोपर दाबून ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"रामहरी, झोप लागलती का रे तुला?"

"न्हाई मावशी. देवाशपथ न्हाई."

"मला ठाव हाय. मी बघत व्हते तुज्याकडं. डोळे टक्क उघडे व्हते तुजे. डोळे व्हते, पर तू न्हवतास तितं."

एवढं बोलून ती चालत निघाली. त्या दिवसापासून ती माझ्यात बसली नाही. आम्ही बाभळीपाशी थांबायचो, ती दुसरीकडे बघायची आणि मागून येणाऱ्या टेंपोला हात करायची.

रामहरीला ते लागलं. शिव्या माणूस विसरतो. हे त्याच्या मनातून जाईना. ज्या रस्त्यावर डोळे मिटून गाडी चालवीन म्हणायचा, तिथं आता समोरून सायकल आली तरी कचकन ब्रेक मारायचा. गिऱ्हाईक हळूहळू पांगलं.

माझीही तब्येत बिघडलीच होती. काळा धूर यायचा, सकाळी धक्का मारल्याशिवाय मी चालू व्हायचे नाही. रामहरीनं मला बिभीषणच्या गॅरेजला नेलं. हा बिभीषण मला कधीच सरळ वाटला नाही. हसत हसत एक नट सैल करतो आणि महिनाभरानं हसत हसत तोच आवळून देतो. त्यानं बॉनेट उघडलं, आत डोकावला आणि म्हणाला, "काजळलंय बे सगळं. ती कावून चालू होईना ते मला इचारतूस? पाच मिंटं पळती आन् थांबती, पाच मिंटं पळती आन् थांबती. इंजिन कधी नीट तापतच न्हाई, बॅटरी भरत न्हाई, वरचे गिअर तर तू बघितलेच नसशील. हिला कुटंतरी लांब ने. नव्या रस्त्यानं ने. चढ दाव, उतार दाव."

"आन् माजं काय?" रामहरीनं विचारलं.

"तुजंबी तेच काजळलंय," बिभीषण म्हणाला आणि हसला.

मी मनात म्हटलं, आलं लक्षात. नवा रस्ता म्हणे! यांचं दोघांचं काहीतरी ठरलंय.

पुढचे चार दिवस मी कान टवकारून होते. रामहरी फोन आला की माझ्यापासून लांब जाऊन बोलायचा. "पाली" एवढा शब्द मला दोनदा ऐकू आला. एकदा "हितं कुणाला बोलू नगं" असंही ऐकलं. मग त्यानं माझे चारी बाजूंनी फोटो काढले. अकरा वर्षांत या माणसानं माझा एक फोटो काढला नव्हता. आणि मंगळवारी सकाळी त्यानं मला धुतलं. आरसेसुद्धा पुसले. वर झेंडूची माळ घातली.

माझी पाचावर धारण बसली.

पाली बीडच्या पलीकडे. तिकडे जायचा मोठा रस्ता आहे, पण रामहरीनं तो सोडला. मोठ्या रस्त्यावर पावलोपावली ओळखीचे भेटणार, "रिकामी गाडी घेऊन कुटं?" म्हणून विचारणार. तोंड चुकवायला त्यानं मला डोंगरातल्या आडरस्त्याला घातलं. तो रस्ता त्यानंही कधी पाहिला नव्हता.

मी ठरवलं, सहकार्य करायचं नाही. पण त्यातही अडचण होती. नीट पळावं तर घेणारा खूश होऊन लगेच घेणार, आणि रुसून बंद पडावं तर भंगारात जाणार. शेवटी मी अधूनमधून नुसती खोकत राहिले.

तासाभरानं एका वळणावर काठी हातात धरलेला, फेटा बांधलेला म्हातारा उभा दिसला. खांद्यावर मेंढी होती. त्यानं हात केला. रामहरीनं सवयीनं ब्रेक दाबला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडला, "माजलगाव, माजलगाव, चला माजलगाव!"

म्हातारा चक्रावला. त्यानं मागं पाहिलं, पुढं पाहिलं. चहूकडे नुसता डोंगर.

"माजलगावला काय काम माजं?" तो म्हणाला. "आमचा वाडा हाय म्होरं, वड्याच्या पलीकडं. मेंढरांचा. ही लंगडाया लागली, चालंना."

रामहरी ओशाळला आणि मग खूप दिवसांनी हसला. "बसा मामा," म्हणाला. म्हाताऱ्याचं नाव सटवा. पुढच्या सीटवर तो बसला आणि मेंढी त्याच्या मांडीवर. मला काही तो प्रकार आवडला नाही. धुतलेल्या सीटवर मेंढी! पण मला विचारतो कोण.

"रस्ता नवा दिसतुया तुमास्नी," सटवा म्हणाला.

"कशावरून?"

"मान बघा की कशी हलतीया. हिकडं बघताय, तिकडं बघताय. माजी मेंढरंबी तशीच. एकाच वाटंनं रोज नेली ना, की खाली मुंडी घालून निस्ती म्होरच्याच्या मागं चालत्यात. त्वांडाम्होरचा पाला दिसत न्हाई त्यास्नी. मी म्हून चार दिसाला वाट बदलतो. नवी वाट असली का लई हुशार व्हत्यात. कान उबे, नाक वर. आन् अंगबी धरत्यात."

मला आरशात रामहरीचे डोळे दिसत होते. झाडं, दगड, वळणं, सगळ्यांवरून ते फिरत होते. अकरा वर्षं मी त्या डोळ्यांत बघतेय. ते असे कधी होते हे मी विसरले होते.

उतार लागला. खाली ओढ्यावर मोरी होती आणि मोरीच्या मधोमध रस्ता खचून खाली गेला होता. इथं ना दगड होते, ना फडकं. वळणामुळे अगदी जवळ जाईपर्यंत दिसणारही नव्हतं. मला दिसायच्या आत रामहरीचा पाय ब्रेकवर गेला. कचकन नाही. बेतानं, दाबत दाबत. चांगली वीस-पंचवीस पावलं अलीकडे आम्ही थांबलो. मेंढी हललीसुद्धा नाही.

"तितली माती काळी दिसली," रामहरी स्वतःशीच बोलला. "बाकी सगळी तांबडी हाय."

सटवानं वाकून पाहिलं. "मला बी नसतं दिसलं," म्हणाला. "ध्यान हाय बरं तुमचं."

तेवढं एक वाक्य. रामहरीनं इंजिन बंद केलं, स्टीअरिंगवर डोकं टेकवलं आणि रडला. अकरा वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. सटवा मेंढीच्या मानेवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "ह्या अंगानं वड्यातनं वाट हाय. चला, मी दावतो."

सटवा पुढं चालत वाट दाखवत होता, आणि दगडागोट्यांतून, पहिल्या गिअरमध्ये, आम्ही ओढा पार केला. पलीकडे वाड्याशी मेंढीला घेऊन तो वळला आणि आम्ही माळावर आलो. तिथं रस्ता सरळ होता, रिकामा आणि नवा कोरा. चौथा गिअर पडला. मग रामहरीचा हात जरा चाचपडला आणि पाचवा पडला. काय सांगू तुम्हाला! आधी मागून काळ्या धुराचा एक लोट निघाला, मग दुसरा, मग धूर पातळ झाला, आणि माझा खोकला थांबला. मी ठरवून काढत होते तोसुद्धा. रुसायचं आहे हे मी पार विसरले. मी पळत होते आणि मला लाज नाही वाटत सांगायला, मला आनंद झाला होता.

मग धरणाचं पाणी दिसलं. पाली आली होती.

प्रवीण नावाचा पोरगेला माणूस वाट बघत उभा होता. माझा संशय खरा निघाला. तो सरळ माझ्याभोवती फिरायला लागला, टायरला लाथ मारून बघितली, आत बसून इंजिन चालू केलं. एका फटक्यात मी चालू झाले. माळावर बॅटरी भरली होती ना! स्वतःवरच चिडले मी.

"काका, गाडी एक नंबर हाय," प्रवीण म्हणाला. "तुमी तर म्हनलात, सकाळी धक्का लागतो."

"लागत व्हता," रामहरी म्हणाला. तो माझ्याकडे बघत होता. "कुटं लावनार?"

"पाली ते बीड, बीड ते पाली. दिवसाला आठ खेपा."

"आन् दुसरीकडं?"

"दुसरीकडं कावून? रोजचं गिऱ्हाईक सोडून?"

रामहरीनं हात पुढं केला. "किल्ली दे."

"काय झालं काका? ठरलंय की आपलं!"

"ठरलं व्हतं. इकायलाच आलतो. सकाळपस्तोर मला वाटत व्हतं, आपल्याच्यानं आता गाडी चालत न्हाई." त्यानं माझ्या बॉनेटवर हात ठेवला. ते तापलं होतं, तरी त्यानं हात उचलला नाही. "पर आमाला दोगालाबी त्यो रोजचाच रस्ता नडला. तुला दिली तर हिचं पुन्ना तेच व्हनार. माफ कर मला."

प्रवीण खूप बोलला, रागावला. त्याचं बरोबरच होतं. मी मात्र रामहरीकडे संशयानं बघत होते. परतीच्या वाटेवर अर्ध्यात विचार बदलला तर? दिंद्रुडचा स्टँड दिसेपर्यंत मला खात्री वाटत नव्हती. खरं सांगायचं तर अजूनही दर मंगळवारी तो मला धुतो आणि कुठल्या तरी नव्या गावाच्या रस्त्याला घालतो, तेव्हा किल्ली कुणाच्या हातात जाते ते मी बघत राहते. बाकीचे दिवस माजलगावच आहे. पण त्यातही तो एखादी खेप कॅनॉलच्या पलीकडून, एखादी वस्त्यांवरून नेतो. गिऱ्हाईक कुरकुरतं. गॅरेज लागलं की बिभीषण आतून हात करतो आणि हसतो. त्याचं म्हणणं खरं निघालं, हे मला अजून पचलेलं नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही बाभळीपाशी थांबलो. भिवराबाईनं नेहमीसारखं तोंड फिरवलं. रामहरी खाली उतरला.

"मावशी, आज पलीकडच्या वस्तीवरनं नेतो."

"नीट येतो का तो रस्ता तुला?"

"न्हाई. पयल्यांदाच चाललोय. बघत बघत जावं लागंल."

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. टेंपो मागून हॉर्न देत होता, तिनं त्याला पुढं जायची खूण केली.

"पाठ न्हाई ना?" ती म्हणाली. "मंग बसते म्या."

पुढच्या सीटवर एक माणूस बसलेला होता. भाजीचं ओलं गाठोडं त्याच्या मांडीवर आलं आणि तो निमूट मागं गेला. भिवराबाईनं दोन्ही हातांनी समोरचा दांडा घट्ट धरला. तिचाही विश्वास माझ्यासारखाच, चटकन बसत नाही. वस्ती गेली, विहीर गेली, एक अरुंद पूल गेला. पुलानंतर एक हात सुटला. मग दुसरा सुटून मांडीवर आला.

आता उतरा तुम्ही, माझी खेप निघायची वेळ झाली. तुमच्या दारात एखादी गाडी उभी असेल तर तिला कधीतरी नव्या वाटेला न्या. ती घाबरेल, तुमच्यावर संशय घेईल, तरी न्या. आणि दार दोनदा आपटा. त्या दिवशी मात्र मी मागच्या माणसांना मनातल्या मनात सांगत होते, हळू लावा रे दार. पुढं भिवराबाईचा डोळा लागला होता, आणि शेजारी रामहरी जागा होता.