गळकं पिंप

संपाला वर्ष उलटून गेलं होतं. दत्ताराम मेस्त्री मिलच्या सुतारखात्यात होता आणि त्याचा धाकटा भाऊ लहू मागावर. दोघंही लालबागच्या खोलीत रिकामे बसून. एका दुपारी त्यांची बाचाबाची झाली आणि लहू तणतणत कुठल्याशा गुत्त्यावर गेला. तिथल्या दारूत कुणी काय मिसळलं होतं कुणास ठाऊक. त्या दिवशी पाच माणसं दगावली. लहू वाचला, पण त्याचे डोळे गेले.

मिल सुटली ती सुटलीच. कॉटन ग्रीनच्या एका वखारीत व्हिनेगरची लाकडी पिंपं दुरुस्त व्हायची, तिथे दत्ताराम लागला. पुढे चिंचपोकळीला त्याने स्वतःचा गाळा घेतला. लग्न केलं नाही. लहूला रोज हाताला धरून तो सोबत आणायचा. तीस वर्षं असंच चाललं.

एका सकाळी मृणालिनी धुरंधर नावाची मुलगी टेम्पोतून एक पिंप घेऊन आली. गिरगावची, तिशीच्या आतबाहेरची.

"काका, हे गळतंय. मुंबईत हे काम करणारे तुम्हीच उरलात म्हणे."

दत्तारामने नाक पिंपाजवळ नेलं आणि मागे सरला. "यात दारू होती."

"हो. नाशिकजवळ माझी लहानशी डिस्टिलरी आहे, लायसन्सवाली. उसाच्या रसाची रम करतो आम्ही. ती दोन वर्षं लाकडात मुरवावी लागते."

"दारूचं काम मी करत नाय. घेऊन जा."

ती काही बोलणार, तेवढ्यात कोपऱ्यातून लहूने विचारलं, "बाय, पहिल्या धारेचं काय करतेस?"

"टाकून देतो, काका."

"लोक तर तीच मागतात. पहिल्या धारेची पायजे म्हणतात."

"मागू देत. सुरुवातीला जे उतरतं ते पोटात जायच्या लायकीचं नसतं. आणि प्रत्येक खेप लॅबमध्ये तपासल्याशिवाय बाटलीत भरत नाही."

लहू म्हणाला, "ठेव पिंप. दादा करील."

"लहू!" दत्ताराम ओरडला.

"ठेव गो. चार दिवसांनी ये."

ती गेल्यावर दत्ताराम स्टुलावर बसला. "तुझे डोळे ज्याने गेले, त्याचंच पिंप मी हाताने सांधू?"

"ही तशी नाय. आमचा तो गुत्तेवाला असं विचारल्यावर हसला असता."

"तुला ठाऊक नाय, लहू. त्या दिवशी मीच तुला म्हटलं, फुकट गिळतोस, चालता हो. मी तसं बोललो नसतो तर..."

"ठाऊक कसं नाय? माझ्याच तोंडावर बोललास." लहू चाचपडत उठला, भावाच्या खांद्यापर्यंत पोचला. "तू बोललास. प्यायलो मी. तीस वर्षं तू लग्नाशिवाय काढलीस, ती काय माझ्यासाठी? मी कधी मागितली?"

दत्तारामला रडू फुटलं. एवढा मोठा माणूस, हुंदके देत राहिला. लहूने त्याला रडू दिलं. बाहेरून कुणीतरी "मेस्त्री" म्हणून हाक मारली, तर त्यानेच "मागून ये" असं सांगितलं.

दुपारी दोघांनी पिंपात पाणी भरलं. दत्तारामला गळती सापडेना. लहूने फळ्यांवरून बोटं फिरवली आणि एका सांध्यावर थांबला. "हितं. केसाएवढी फट हाय." दत्तारामने लोखंडी पट्टे सैल केले, फटीत पाण्याने फुगणारं सुकं लव्हाळं दाबलं, पट्टे पुन्हा ठोकून बसवले. तीन दिवस पाणी भरून ठेवलं. बाहेर एक थेंब आला नाही.

मृणालिनी आली ती आणखी सहा पिंपांची बातमी घेऊन. दत्ताराम म्हणाला, "आणा. पण गळती हा शोधतो. त्याची मजुरी वेगळी, त्याच्या हातात द्यायची."

"चालेल," ती म्हणाली, आणि लहूकडे वळून तिने विचारलं, "काका, नाशिकला येता का एकदा? गोदामातली सगळी पिंपं तपासून द्या."

लहूने भावाला विचारलं नाही. "कधी निघायचं?" एवढंच म्हणाला.